दारातली भिंत

त्या वर्षी व्हिडिओ गेमच्या धंद्याला नुसतं उधाण आलं होतं. दर शुक्रवारी कुठल्या ना कुठल्या बड्या कंपनीचा नवा गेम यायचा, आणि वैताग असा की तो खरंच चांगला निघायचा. खेळणाऱ्यांची चंगळ होती. हातातला राक्षस मरायच्या आत दुसरं राज्य वाचवायचं बोलावणं यायचं. मरण होतं ते भिंगरीसारख्या एकट्याने गेम करणाऱ्यांचं.

भिंगरी म्हणजे चांगली चाळिशीला टेकलेली बाई. लहानपणी बाबांनी ठेवलेलं नाव तिला असं चिकटलं होतं की खरं नाव फक्त बँकेला ठाऊक. नोकरी सोडून, आत्याच्या घरातल्या मागच्या खोलीत बसून तिने एक छोटासा गेम केला होता, आणि तो बाजारात आणायला तिला आठवडा सापडत नव्हता. तारीख ठरवली रे ठरवली की त्याच दिवशी एखाद्या बड्या कंपनीचा हत्ती येऊन बसायचा. अखेर वर्ष सरता सरता एक आठवडा मोकळा मिळाला. आज संध्याकाळी गेम विक्रीला लागणार होता. हा आठवडा हुकला की पुढे पुन्हा हत्तींची रांग होतीच, आणि आणखी थांबायची ताकद तिच्यात उरली नव्हती.

गेम होता एका म्हाताऱ्या रेडिओ मेकॅनिकचा. लोक बिघडलेले रेडिओ आणतात, तो दुरुस्त करतो, गप्पा मारतो आणि शेवटी दिवा मालवून दुकानाबाहेर पडतो. ना तलवार, ना बंदूक. म्हातारा म्हणजे हुबेहूब बाबा, त्यांचंही असंच रेडिओचं दुकान होतं. तोच एक खांदा वर, तीच सदऱ्याच्या टोकाने चष्मा पुसायची सवय. बाबा गेले त्या वर्षीच तिने गेम करायला घेतला होता.

तपासणीचं काम आत्याकडे होतं. आत्या म्हणजे बाबांची धाकटी बहीण, जन्मभर टेलिफोन ऑपरेटर. गेम तपासायचा म्हणजे त्यात मुद्दाम वाकडं वागायचं. भिंतींना धडका द्यायच्या, नको ती बटणं दाबायची, कुठे काय मोडतं ते बघायचं. याला आत्याइतकं लायक माणूस शोधून सापडलं नसतं. तिने एकाचा रेडिओ दुसऱ्याच्या गळ्यात मारला, गिऱ्हाइकाला ताटकळत ठेवून बाबांना चष्मा पुसायला लावला, आणि सापडलेली प्रत्येक चूक भिंगरीला तारस्वरात ऐकवली. भिंगरी डोळे मिटून तिच्यावर विसंबली होती.

दुपारी एका परीक्षकाचा फोन आला. गेमवर लिहिणारा हा माणूस त्या वर्षी गेमच्या ढिगाऱ्याखाली पार गाडला गेला होता, तरी भिंगरीने आधी पाठवलेला गेम खेळायला त्याने वेळ काढला होता.

"फार सुंदर झालंय हो," तो म्हणाला. "शेवटी तो दारापर्यंत जातो, थबकतो आणि परत खुर्चीत येऊन बसतो. मला अगदी भरून आलं. फक्त एक सांगा, मी थांबायचं कधी? मी त्याला सारखा दाराशी नेतोय, तो सारखा परत येतोय."

भिंगरीने कसाबसा फोन ठेवला आणि गेम उघडला. म्हाताऱ्याने परत यायचंच नव्हतं.

कारण सापडायला वेळ लागला नाही. सुरुवातीला तिने नुसतं दुकान केलं होतं, बाहेर रस्ता नव्हताच. बाबा दाराबाहेर पडले की थेट पोकळीत कोसळायचे. ते बघवेना, म्हणून तिने दारात एक न दिसणारी भिंत घातली होती. तात्पुरती. तिला टेकले की बाबा वळून खुर्चीत परत यायचे. पुढे रस्ता झाला, रस्त्यावर दिवे लागले, आणि भिंत तशीच राहिली.

"आत्या!" ती ओरडतच स्वयंपाकघरात गेली. "शेवट तपासलास म्हणालीस ना?"

आत्याने ओट्यावरून फडकं फिरवलं. पुसलेल्याच जागेवरून पुन्हा फिरवलं.

"नाही तपासला."

"अगं, पण का?"

"जिवावर आलं माझ्या!" आत्या एकदम उसळली. "सगळं तपासलं की मी! फक्त तेवढं राहू दिलं. स्वतःच्या हाताने दादाला दाराबाहेर काढू होय मी? आणि मला काय विचारतेस? तू बघितलास का शेवट?"

भिंगरी स्टूल ओढून बसली. रस्ता केल्याला किती महिने झाले होते! शंभरदा गेम खेळूनसुद्धा दिवा मालवायची वेळ आली की तिला नेमकं दुसरं काहीतरी काम आठवायचं. तीही त्या दारापर्यंत कधी गेली नव्हती.

"राहू दे ना मग तसंच," आत्या हळूच म्हणाली. "त्या माणसाला आवडलंच आहे. आणि दादा असाच तर परत यायचा, दिव्याचं बटण बंद केलंय की नाही ते बघायला."

मोह मोठा होता. काही केलं नाही तर काही बिघडणार नव्हतं, उलट कौतुकच पदरात पडलं असतं.

"बटण बघून पुढे काय करायचे गं बाबा?"

"करतोय काय? कुलूप लावायचा आणि..." आत्या थांबली.

"आणि घरी यायचे," भिंगरी म्हणाली. "आत्या, आपण त्यांना दुकानात कोंडून ठेवलंय गं."

आत्याने फडकं खाली ठेवलं.

भिंत काढणं हे एका क्षणाचं काम होतं. दारातून एकदा मागे वळायची चाल मात्र भिंगरीने ठेवली, ती तर आयतीच झाली होती, फक्त आता बाबा खुर्चीऐवजी दिव्याच्या बटणाशी जायचे. मग तिने कंट्रोलर आत्याच्या हातात दिला आणि तिला खेटून बसली. तपासणी राहिलेली होती, ती व्हायलाच हवी होती.

दिवा मालवला. बाबा दारापर्यंत गेले, परत आले, बटण चाचपलं. आत्याचा अंगठा अडला. भिंगरीने त्यावर आपला अंगठा ठेवला. बाबा बाहेर पडले, कुलूप ओढून बघितलं आणि एक खांदा वर करून दिव्यांच्या रस्त्याने चालू लागले.

पडदा काळा झाला. भिंगरी डोळे पुसून गेम विक्रीला लावायला उठली. मागे आत्या अजून कंट्रोलर धरून बसली होती.

"कुठे अडला नाही," तिने तपासणीचा निकाल दिला. "पोचला असेल घरी."