भाग्येशची साक्ष

कोरीटचा भाग्येश अमेरिकेत हिशेब तपासणाऱ्या एका कंपनीत नोकरीला होता. तिथल्या सरकारवर कर्जाचा डोंगर झाला होता आणि निवडणूक तोंडावर आली होती. राष्ट्राध्यक्षांच्या माणसांनी कंपनीला हाताशी धरून त्या कर्जाचा मोठा भाग कागदावरून गायब केला. पुढे प्रकरण फुटलं. चौकशी समितीपुढे सगळे सहकारी 'आठवत नाही' म्हणाले. भाग्येशने मात्र घडलेलं सगळं नावांसकट सांगितलं.

त्याची नोकरी गेली, मागोमाग व्हिसाही गेला. राष्ट्राध्यक्ष खुर्चीवरच राहिले.

तो गावी परतला तेव्हा गावात भलतीच बातमी पसरली होती. नवलआप्पाच्या पोराने पैसे खाल्ले, म्हणून अमेरिकेने त्याला हाकललं म्हणे. त्याची धाकटी बहीण ममता हिचं लोणखेड्याला ठरलेलं लग्न त्याच आठवड्यात मोडलं.

"बठ्ठा गप ऱ्हायनात, मग तूच का बोलना?" आई दगूबाईने विचारलं.

"माय, खोटा हिशेबवर त्या मन्हीच सही मागी ऱ्हायंतात."

"मंग करी देवानी व्हती! तो देश काय तुन्हा शे?"

तो उठून आत गेला. ममता आतल्या खोलीत लग्नाच्या साड्या दुकानात परत करायला पिशवीत भरत होती. तो मदतीला वाकला, तशी तिने पिशवी बाजूला ओढली.

"दादा, तू खरं बोलना, माले मालूम शे," ती म्हणाली. "पन आज मन्हा समोर येऊ नको."

तो बाहेर ओट्यावर वडिलांजवळ जाऊन बसला. रस्त्याने जाणाऱ्या कुणीही त्या दोघांना रामराम केला नाही.