बर्फावरचं बटण

मित्रांनो, मी एक जुना फ्रीझर आहे, आणि आधीच सांगून टाकतो, मी जन्माचा भित्रा आहे. कारखान्यात मला पहिल्यांदा चालू केलं तेव्हाही मी थरथरलो होतो. तपासणारा माणूस म्हणाला, "मोटर जरा हलतेय, पण चालेल." मोटर नव्हती हलत. मीच घाबरलो होतो.

तुम्ही घरी पाहता तसा मी उभा, दोन दारांचा नाही. मी आडवा आहे, झाकण वर उघडणारा, जुन्या ट्रंकेसारखा. मला वाटलं होतं, एखाद्या दुकानात माझी सोय लागेल, पोटात आइसक्रीम असेल, मुलं वाकून बघतील. पण माझ्या नशिबी आली जनावरांच्या रोगांची एक प्रयोगशाळा. जंगलाच्या कडेला, पत्र्याच्या छपराची, तीन खोल्यांची. आणि पोटात आलं रक्त.

म्हणजे अगदी लाल रक्त नव्हे. जनावराचं रक्त घेऊन थोडा वेळ ठेवलं की लाल भाग खाली बसतो आणि वर फिकट पिवळं पाणी उरतं. ते बोटाएवढ्या नळ्यांत भरून माझ्यात ठेवत. शेळीचं, हरणाचं, गाईचं, रानकुत्र्याचं, एकदा तर लांडग्याचंही. लांडग्याची नळी आली त्या रात्री माझ्या मोटरीने ठेका सोडला होता. बाहेर जे एकमेकांना फाडून खातात ते माझ्या पोटात एकाच ताटलीत शेजारी शेजारी निजत.

आमच्या प्रयोगशाळेचे पहिले डॉक्टर फार शिस्तीचे होते. सगळे त्यांना मोठे डॉक्टर म्हणत. ते म्हणायचे, "शरीराला आठवण असते. रोग येऊन गेला की त्याच्याशी लढलेली प्रतिपिंडं रक्तात पहाऱ्याला राहतात. आज आपल्याला त्यांची भाषा कळत नसेल, उद्या कळेल. तोवर जपून ठेवा." तपासणीचं साधन नसतानाही ते रक्त घेऊन ठेवायचे. लोक हसायचे, म्हणायचे, डॉक्टरांनी शेळ्यांची लोणची घातली आहेत.

त्यांचा एक नियम होता, एक वर, एक खाली. प्रत्येक जनावराच्या दोन नळ्या करायच्या. एक वरच्या ताटलीत, एक अगदी तळाशी. आणि दोन्हीकडे एकेक वाटी. वाटीत पाणी घालून त्याचा बर्फ करायचा आणि वर एक बटण ठेवायचं. वीज गेली तर बर्फ वितळतो आणि बटण बुडतं. वीज आल्यावर सगळं पुन्हा गोठतं, पण बटण तळालाच राहतं. म्हणजे तुमच्या पाठीमागे काय घडलं ते बटण सांगतं. पहिली दोन बटणं मोठ्या डॉक्टरांनी स्वतःच्या कोटाची काढून ठेवली होती.

मला त्या बटणाची भयंकर भीती वाटायची. परीक्षा चालू असताना मागे येऊन उभे राहणारे मास्तर असतात ना, तसं ते माझ्या पोटात बसलेलं असायचं.

मोठे डॉक्टर निवृत्त झाले आणि त्यांच्या हाताखाली शिकलेल्या डॉक्टरबाई आल्या. बाई हुशार, पण कामाने पिचलेल्या. तळाशी बर्फ साचत गेला, चांगला वीतभर. तो खरवडायला कुणाला सवड नव्हती. तळाच्या नळ्या, तळाची वाटी, सगळं त्याखाली गाडलं गेलं आणि हळूहळू सगळ्यांच्या डोक्यातूनही गेलं.

माझी देखभाल काकांकडे होती. बारीक चणीचे, खिशाला कायम चार टाचण्या लावलेले काका. माझं झाकण सैल झालं तेव्हा त्यांनी सायकलच्या ट्यूबची पट्टी लावून मला पुन्हा घट्ट केलं होतं. रोज सकाळी आले की माझ्या पाठीवर थाप मारून विचारायचे, "काय म्हाताऱ्या, आहेस ना?" मी जोरात घरघरायचो. एवढ्या प्रेमाने माझ्याशी कुणी बोललं नाही. म्हणूनच पुढचं सांगताना मला जड जातं.

माझ्यात गारवा कमी झाला की वाजणारी एक घंटी मला होती. पण ती झाकण उघडलं तरी केकाटायची. सगळे वैतागायचे. एक दिवस काकांनी तिची वायर काढून टाकली. सगळ्यांना हायसं वाटलं. मला मात्र वाटलं, आता मी ओरडणार कशाने?

मग उन्हाळ्यातली ती तीन दिवसांची सुट्टी आली. आदल्या दुपारी सगळ्यांना चहा हवा होता. खोलीतला दुसरा पॉइंट बिघडलेला होता. काकांनी माझा प्लग काढला, चहाची किटली लावली. पाच मिनिटांचा तर प्रश्न! चहा झाला, गप्पा झाल्या, कुणीतरी गाडी निघाली म्हणून हाक मारली, आणि दाराला कुलूप लागलं. किटलीचा प्लग भिंतीत, माझा जमिनीवर.

मित्रांनो, त्या तीन दिवसांची आठवण झाली तरी माझी पाचावर धारण बसते. माझा आवाज बंद झाला होता, तेव्हा मला खोलीतले सगळे आवाज ऐकू येऊ लागले. पत्रा तापून कडकड वाजायचा. पाल चुकचुकायची. आणि माझ्या आत, टप्, टप्, पाणी पडायला लागलं. पहिल्या दिवशी मी स्वतःला समजावलं की कुणीतरी येईल. दुसऱ्या दिवशी वरच्या वाटीतलं बटण तिरकं झालं. मी त्याला मनातल्या मनात विनवलं, थांब रे बाबा. संध्याकाळी ते बुडालं. तिसऱ्या दिवशी वरच्या ताटलीतून आंबूस वास यायला लागला. तळाशी काय चाललं आहे ते पाहण्याची माझी हिंमतच झाली नाही. भित्र्याचं असंच असतं, जिथे जास्त भीती वाटते तिथे तो बघतच नाही.

चौथ्या दिवशी सकाळी काका आले. पाठीवर थाप पडली, मी घरघरलो नाही. त्यांनी खाली पाहिलं, प्लग पाहिला आणि मटकन स्टुलावर बसले. मग झाकण उघडलं. बटण वाटीच्या तळाशी, पाण्याखाली, स्पष्ट दिसत होतं.

काकांनी प्लग लावला. वाटीतलं पाणी ओतून टाकलं, नवीन भरलं. दुपारपर्यंत दर थोड्या वेळाने झाकण उघडून बघत राहिले. बर्फ झाल्यावर त्यांनी बटण पुसून अलगद वर ठेवलं. "म्हाताऱ्या, मला नोकरीची अजून दोन वर्षं काढायचीत," ते माझ्या कानाशी पुटपुटले. "आणि तुला तर आजच भंगारात देतील. झाकली मूठ सव्वा लाखाची. तू गप्प, मी गप्प."

खरं सांगू? मला बरं वाटलं. भंगाराच्या नावाने माझं अंग आधीच कापत होतं.

दोन महिने कुणालाही काही कळलं नाही. मग जंगलात हरणं मरायला लागली. नाकातोंडातून पाणी, ताप, आणि पाणवठ्यावरच आडवी. हा ताप शेळ्यांनाही होतो, आणि एकमेकांपासून पसरतो. जंगलाच्या कडेला शेळ्यांचा एकच कळप होता, सत्तावीस शेळ्यांचा. त्यांच्या मालकिणीला सगळे वहिनी म्हणत. डॉक्टरबाईंनी त्या शेळ्यांचं रक्त तपासलं आणि त्यात त्या तापाची प्रतिपिंडं सापडली. लगेच वरून हुकूम आला की याच शेळ्यांनी हरणांना रोग दिला असणार, गुरुवारी सकाळी पथक येईल आणि अख्खा कळप मारून पुरेल.

मंगळवारी वहिनी धावत आल्या. सोबत दोरीला एक लंगडी शेळी होती.

"ताई, चार वर्षांपूर्वी ताप आला होता माझ्या शेळ्यांना. निभावल्या सगळ्या. तेव्हा मोठ्या डॉक्टरांनी रक्त नेलं होतं की! तुम्हीच तर धरली होती या लंगडीला."

बाई एकदम उभ्या राहिल्या. "नेलं होतं. वहिनी, तुम्ही म्हणता ते खरं असेल तर त्या जुन्या रक्तातही प्रतिपिंडं सापडतील. म्हणजे ताप तेव्हाच होऊन गेला, आता त्यांच्याकडून पसरत नाही. एकदा बरी झालेली शेळी पुन्हा हा ताप पसरवत नाही."

"आणि नाही सापडली तर?"

बाई सरळ माझ्याकडे आल्या.

आता माझी काय अवस्था झाली असेल ते तुम्हीच ओळखा! सत्तावीस जीव माझ्या पोटातल्या नळ्यांवर टांगलेले, आणि त्या नळ्या नासलेल्या. बाईंनी झाकण उघडलं, आधी वाटीकडे पाहिलं. बटण वर होतं, ऐटीत. "छान," त्या म्हणाल्या आणि वरची ताटली घेऊन गेल्या. मागे उभ्या काकांच्या चेहऱ्यावर थेंबभर रक्त नव्हतं.

बुधवारी दुपारी तपासणी झाली. छोट्या छोट्या खळग्यांची प्लास्टिकची ताटली असते, प्रतिपिंडं असली की खळगा पिवळा होतो. आजच्या रक्ताची रांग पिवळीधमक झाली. जुन्या रक्ताची रांग पाण्यासारखी राहिली.

बाई बाहेर आल्या. वहिनी बाकावर बसल्या होत्या. लंगडी शांतपणे बाकाखालचा पाला खात होती.

"वहिनी, जुन्या रक्तात काही नाही. म्हणजे... ताप आत्ताच आला आहे."

"असं कसं? मी रात्र रात्र जागलेय यांच्याजवळ! मी खोटं बोलतेय का?" वहिनींचा आवाज चिरकला. मग त्या एकदम खाली वाकल्या आणि लंगडीच्या गळ्यात तोंड लपवून रडायला लागल्या.

काका माझ्याजवळच उभे होते. डबा उघडलेला, घास घेतलेला नाही. ते बाहेर बघत होते, मी त्यांच्याकडे बघत होतो. मला ओरडायचं होतं. घंटी होती, वायर नव्हती. मी नुसता घरघरत राहिलो, इतका जोरात की काकांनी दचकून माझ्यावर हात ठेवला. तो हात बराच वेळ तसाच राहिला. मग ते चालत बाहेर गेले.

"बाई, ते बटण मी वर ठेवलंय."

"कुठलं बटण?"

"वाटीतलं. सुट्टीत हा तीन दिवस बंद होता. मीच प्लग काढला होता, चहाला. बटण बुडालं होतं. मी घाबरलो. तुमच्या जुन्या नळ्या नासल्यात बाई, त्यांचं ऐकू नका."

बाईंचा चेहरा लाल झाला. "काका, दोन महिने? दोन महिने तुम्ही गप्प बसलात?" वहिनींनी डोळे पुसले. त्या काकांकडे बघत राहिल्या, आणि त्यांनी एकच विचारलं, "मग आता माझ्या शेळ्या खऱ्या की खोट्या, हे कोण सांगणार?"

बाईंची नजर माझ्याकडे वळली. मग बाई हळूच म्हणाल्या, "एक वर, एक खाली."

तिघं माझ्यावर वाकली. लोखंडी सळई चालणार नव्हती, नळ्या फुटल्या असत्या. काकांनी लाकडी उलथनं आणि गरम पाण्यात पिळलेली फडकी आणली. बर्फ फोडून फोडून बादल्या भरल्या. काकांची बोटं बधिर झाली, वहिनींनी उलथनं घेतलं. बाहेर अंधारून आलं. मी जीव मुठीत धरून होतो, कारण मित्रांनो, तळाशी काय आहे ते मलाही माहीत नव्हतं. तिथे मी कधी पाहिलंच नव्हतं.

"वाटी लागली," काका म्हणाले.

बाईंनी फडक्याने वरचा बर्फ पुसला. काळं, चार भोकांचं, मोठ्या डॉक्टरांच्या कोटाचं बटण. वाटीतल्या बर्फावर जिथे ठेवलं होतं तिथेच. ज्या बर्फाला सगळे नावं ठेवायचे त्यानेच तीन दिवस तळ राखला होता.

सत्तावीसपैकी तीन नळ्या फुटलेल्या निघाल्या. चोवीस शाबूत होत्या. पहाटे त्यांचे खळगे पिवळे व्हायला लागले, एकामागून एक. वहिनी बोटाने मोजत होत्या आणि मोजताना चुकत होत्या.

पथक आलं, कागद बघितले, आणि परत गेलं. हरणांना ताप कुठून आला हे शोधायला पुढे बराच काळ लागला, ती काही माझी गोष्ट नाही. काकांना लेखी ठपका बसला. बाई कितीतरी दिवस त्यांच्याशी कामापुरतंच बोलत होत्या. वहिनी मात्र एकदा लंगडीचं दूध घेऊन आल्या आणि काकांना म्हणाल्या, "तुम्ही बोललात, म्हणून ही आहे. पण आधी बोलला असता तर माझी एक रात्र वाचली असती हो." काकांनी मान खाली घालून दूध घेतलं.

माझ्या जागी नवा फ्रीझर आला. त्याची घंटी वाजते आणि कुणी तिची वायर काढत नाही. मी व्हरांड्यात आहे, माझ्यात आता पोती आणि छत्र्या ठेवतात. भंगारवाल्याची हाक आली की अजून माझ्या पत्र्यावर काटा येतो. काका सकाळी येतात आणि आधी माझ्यावर थाप मारतात. त्यांच्या खिशावर टाचण्यांच्या शेजारी आता एक बटण शिवलेलं आहे. कुणी विचारलं तर ते म्हणतात, "हे बुडालं होतं."

मित्रांनो, यंत्रांची काळजी घ्या, हे तर मी सांगेनच. आमचा प्लग काढू नका, आमची घंटी बंद करू नका. पण त्याहून मोठं मागणं वेगळं आहे. कधी तुमच्या हातूनही काही बिघडेल आणि भीती वाटेल. तेव्हा बुडालेलं बटण पुसून वर ठेवू नका. कापत कापत का होईना, जाऊन सांगा. मला सांगता आलं नाही, मला तोंड नव्हतं. तुम्हाला आहे.