परसातला खड्डा

अॅम्ब्युलन्स सोनपेठहून निघालीच न्हवती, अन् कस्तुराबाईच्या सुनेच्या, प्रियांकाच्या कळा वाढल्या. तवा त्यांना आमच्या पारधी वस्तीवरची सुईण आठवली, म्हंजी मी. "भुराबाई, आता तूच आमची माय," म्हणत कस्तुराबाईनं माझे पाय धरले. बचत गटात "समद्या बाया एक हाईत" म्हणून भाषण करती, तीच ही बाई.

मी प्रियांकाला मोकळी केली. पोरगी झाली. मग बाळामागची वार पडली, ती मडक्यात घालून रीतीपरमानं परसात पुरली अन् मागच्या दारानं घरी आले.

दुसऱ्या दिवशी कस्तुराबाईची बोरमाळ सापडंना. शेजारणीनं मला खड्डा करताना बघितलं होतं. पारधीण खड्डा करती म्हणल्यावर चोरीचाच माल पुरणार की! पोलीस मला धरून परसात घेऊन आले.

"बाई, तितं तुमच्या नातीची वार हाय," मी वरडून सांगितलं.

"गप ये पारधणे!" कस्तुराबाई खेकसली.

प्रियांका खिडकीतून बघत होती. तिनं खिडकी लावून घेतली.

पोलिसांच्या कुदळीनं मडकं फुटलं, वार उघडी पडली. कुत्री जमायली. उघडी वार बाळाला बाधती म्हणत कस्तुराबाई लांबूनच कुत्री हाकलायली. पण हात लावायला कुणी पुढं येईना. पोलीसबी मागं सरकले.

"भुराबाई, तेवढी पूर की गं माय."

मी हात पदराखाली घेतले.

"समद्या बाया एकच हाईत न्हवं? मग माझेच हात कशाला पायजेत? तुमचे लावा."