कच्च्या मसुद्याचं पान

न्यू हॅम्पशायरमधल्या त्या विद्यापीठाच्या प्रयोगशाळेत वर्षातून दोनदा मेळावा भरायचा. एरवी एकमेकांची गिऱ्हाइकं पळवणाऱ्या कंपन्या आपापली यंत्रं घेऊन यायच्या, एकमेकांच्या यंत्रांना जोडायच्या आणि नांदतात का ते आठवडाभर बघायच्या. इथे दिसलं ते इथेच राहायचं, हा पहिला नियम. कुणाचं काय बिघडलं याचा बाहेर ब्र काढायचा नाही. कुणाचं कुणाशी जुळलं ते हिरव्या-लाल खुणांनी दाखवणाऱ्या भिंतीवरच्या तक्त्यावरसुद्धा कंपनीचं नाव नसे, नुसता नंबर. लोरेन पेल्टियेचा स्विच, म्हणजे तारांमधली माहिती योग्य तिकडे वळवणारं यंत्र, हा नंबर एक. हा नंबर चिठ्ठी टाकून मिळाला होता, पण तसं कुणालाच वाटत नसे, आणि खरं सांगायचं तर लोरेनलाही नाही.

काम समजायला सोपं आणि जमायला महाकठीण. पूर्वी डिस्कवरची माहिती एका तारेने जायची आणि बाकीचा सगळा कारभार दुसरीने. आता खर्च वाचावा म्हणून दोन्ही एकाच तारेत कोंबलं होतं. बाकीच्या कारभारातलं माहितीचं एखादं पाकीट वाटेत सांडलं तर पुन्हा पाठवता येतं, कुणाच्या बापाचं काही जात नाही. डिस्कचं सांडलं की एखाद्या इस्पितळातल्या नोंदी अर्ध्यावर लटकतात. म्हणून डिस्कसाठी तारेत एक वाट राखून ठेवायची आणि ती कुठली, हे दोन्ही टोकांनी आधीच ठरवून घ्यायचं. दोन्ही टोकं 'तुम्ही म्हणाल ते' म्हणत बसली तर दोन्ही यंत्रांना कारखान्यातच मिळालेल्या पत्त्यांचे आकडे बघून एकाचं चालवायचं. एवढ्यासाठी नियमांच्या जाडजूड बाडात एक ओळ होती.

गुरुवारी सकाळी अकराच्या सुमाराला कर्टिस हाल्वर्सन लोरेनच्या टेबलाशी येऊन उभा राहिला. मिनेसोटातली तीन माणसांची कंपनी, मेळाव्याला पहिल्यांदाच आलेला. यंत्रांसाठी राखलेल्या थंडीमुळे अंगात लोकरी शर्ट, पंख्यांच्या गोंगाटासाठीचे कानांतले बोळे गळ्यात लोंबत होते. कॉम्प्युटरला या तारेशी जोडणारं त्याचं कार्ड सगळ्यांशी जुळलं होतं, फक्त नंबर एकशी अडलं होतं. आणि नंबर एकची हिरवी खूण नसेल तर त्याचं एकुलतं एक मोठं गिऱ्हाईक खोकंसुद्धा उघडणार नव्हतं. तक्ता शुक्रवारी दुपारी बाराला बंद होणार होता.

"तुमचा स्विच पाचवी वाट म्हणतो, माझं कार्ड तिसरी," कर्टिस म्हणाला. "बाकी तिघांची कार्डं तुमच्याशी गुण्यागोविंदाने बोलतायत. म्हणजे गाढव मीच."

"पत्त्याचा आकडा मोठा ज्याचा, त्याचं चालतं," लोरेन पडद्यावरची नजर न काढता म्हणाली. "माझा मोठा आहे. तू लहानाचं चालवतोयस."

"लहानाचंच चालतं ना? मी तसंच वाचल्यासारखं..." तो थांबला. "असो. कोडमधलं लहान-मोठ्याचं एक चिन्ह तर उलटं करायचंय. दहा मिनिटं."

तो गेला. लोरेनला आधी बरं वाटलं. मग तिच्या मनात आलं, पोरगा बिचारा हिरमुसला. ती ओळ त्याला दाखवावी, म्हणजे पुढच्या वेळी चुकणार नाही. तिने पिशवीतून स्वतःचं बाड काढलं. कॉफीचे डाग पडलेलं, कोपरे दुमडलेलं. नियम ठरवणाऱ्या समितीत ती स्वतः तीन वर्षं बसली होती. हे बाड तिला तोंडपाठ होतं.

कर्टिसच्या टेबलावर त्याचं कोरं करकरीत बाड उघडंच होतं. दोघांनी पानं शेजारी शेजारी ठेवली. लोरेनच्या पानावर लिहिलं होतं, मोठ्या आकड्याचं चालेल. कर्टिसच्या पानावर लिहिलं होतं, लहान आकड्याचं चालेल.

लोरेनने आपल्या बाडाचं पहिलं पान उलटून पाहिलं. 'कच्चा मसुदा, चौथा.' मसुदे पाच झाले होते, आणि ही ओळ पाचव्यात बदललेली दिसत होती. पाचव्याच्या बैठकीला ती गेली नव्हती. तिच्या स्विचचं काम तोवर उरकलं होतं आणि उरलेल्या किरकोळ दुरुस्त्यांसाठी कोण एवढं विमानाने जाणार, असं ती तेव्हा म्हणाली होती. लाजेने तिचे कान तापले.

कर्टिसला काय ते उमगलं. त्याने हळूच इकडेतिकडे पाहिलं.

"हे बघा, माझं उलटं करून झालंय," तो म्हणाला. "लागलं सगळं. हिरवं आहे. तुम्ही काही बोलला नाहीत तरी माझं काही अडत नाही. खरं तर बोलला नाहीत तर बरंच."

गप्प राहणं दोघांच्याही सोयीचं होतं. तिच्या स्विचची हजारो खोकी जगभर बसलेली होती. चूक कबूल केली की वरच्या साहेबांचा फोन येणार, आणि तो काही तब्येत विचारायला येणार नव्हता. लोरेनला भीती वाटली. पण या माणसाने बरोबर लिहिलं होतं आणि ते तिच्या शब्दाखातर तो बिघडवून घरी नेणार होता.

"परत सरळ कर," ती म्हणाली.

"अहो, म्हणजे माझं पुन्हा लाल!"

"माझं मी बदलते. चिन्ह मलाही उलटं करता येतं."

"उद्या बाराच्या आत?"

"आज चारच्या आत. आणि अहोजाहो पुरे. असल्या चुका करणाऱ्या बाईला कसली अहोजाहो?"

जेवणाच्या वेळी ती उठली नाही. कुणीतरी आणून ठेवलेलं चाउडरचं सूप पुठ्ठ्याच्या वाटीत गार होऊन गेलं. पावणेचारला स्विचमध्ये कोडची नवी प्रत चढली, कर्टिसची तार लागली, आणि दोघांनी तिसऱ्या वाटेवर गुमान एकमत केलं. कर्टिसने खुर्चीत बसल्या बसल्याच एक गिरकी घेतली.

पण यंत्रातला कोड बदलला की आधीच्या सगळ्या खुणा बाद, हाही तिथला नियमच. प्रयोगशाळेचा प्रमुख विन्स्लो हातात फडकं घेऊन तक्त्यापाशी उभा राहिला.

"नंबर एक, तीन हिरव्या पुसू ना? नंतर रडायचं नाही हं."

"पूस."

तिघांची कार्डं पुन्हा जोडली. तिन्ही लाल. सगळ्या माना लोरेनकडे वळल्या.

ती उभी राहिली. तिथे असं कुणी करत नसे.

"चूक माझी आहे," ती मोठ्याने म्हणाली. "लहान आकड्याचं चालायला हवं, मी मोठ्याचं चालवत होते. जुना मसुदा वापरला. माझ्यामुळे तुम्ही तिघांनीही उलटं लिहिलेलं दिसतंय. तुमचं काम वाढवलं. माफ करा."

आता कुणीतरी ओरडेल, निदान कुजकट बोलेल, म्हणून ती वाट बघत राहिली. शेवटी गेल टटलने कानांतले बोळे काढले. गेल नंबर तीनवाली, लोरेनची जुनी मैत्रीण, दर मेळाव्याला एकदा तरी दोघी मिळून जेवायच्या.

"आम्ही उलटं नाही लिहिलेलं," गेल म्हणाली. "सरळच आहे. फक्त समोर तुझा स्विच दिसला की उलटं करायचं, अशी एक ओळ टाकलीये."

"आमचीही," पलीकडच्या टेबलावरून नंबर चारवाला म्हणाला. नंबर पाचवाल्याने नुसती मान हलवली.

"म्हणजे माहीत होतं तुम्हाला?" लोरेनने विचारलं. "कधीपासून?"

"तीन वर्षं झाली."

"आणि गेल, तू माझ्याबरोबर बसून जेवतेस! एका शब्दाने सांगायचं नाहीस?"

"सांगितलं होतं, लोरेन. पहिल्याच मेळाव्यात." गेलचा आवाज अजिबात चढला नव्हता. "मी निम्मं बोलले असेन नसेन, तू म्हणालीस, 'तुमच्या कार्डाचं बघा आधी.' मग आम्ही कार्डाचंच बघितलं."

लोरेनला यातलं काही आठवत नव्हतं. हेच तिला सगळ्यात जास्त लागलं. मग तिने खुर्ची ओढली, ती गेलच्या टेबलापाशी नेली आणि बसली.

"माझ्या नावाच्या अशा ओळी आणखी किती आहेत?" तिने विचारलं.

गेलने नंबर चारवाल्याकडे पाहिलं, त्याने पाचवाल्याकडे. कुणाला हसू आलं नाही. नंबर चारवाला उठला आणि लॅपटॉप बगलेत मारून आला. पाठोपाठ पाचवाला आला.

"सरक जरा," गेल म्हणाली. "एवढ्या जागेत नाही मावणार."