लाइन बंद, लिलाव चालू

रोह्याजवळच्या वरसे गावातल्या हॉलमध्ये त्या रविवारी सकाळी पाय ठेवायला जागा नव्हती. स्टेजवर चाळीस पाट मांडलेले. प्रत्येक पाटावर तांदूळ, विडा, सुपारी आणि कुंकवाने लिहिलेलं एकेक इंग्रजी नाव, शेवटी डॉट कॉम. मागच्या पांढऱ्या पडद्यावर आकडा चढत होता. दोन लाख ऐंशी हजार. तीन लाख दहा हजार. आकडा वाढला की लॅपटॉपमधून टिंग असा आवाज यायचा आणि तीनशे माणसं एका सुरात अक्षरानंद महाराजांचा जयजयकार करायची. बोली कुठून येतेय तेही पडद्यावर दिसायचं. दुबई, सिंगापूर, लंडन. माझ्या शेजारच्या म्हाताऱ्याने चक्क डोळे पुसले. दुबईला रोहा माहीत आहे, एवढ्यानेच तो भरून पावला होता.

मी सुभाष. रोहा, अष्टमी आणि वरसे इथे घरोघर इंटरनेटची वायर ओढायचा माझा धंदा. शिडी, पक्कड आणि गिऱ्हाइकांच्या शिव्या, यावर माझं घर चालतं. या हॉलची लाइनही मीच दिलेली.

"बाळांनो, पृथ्वीवरचे प्लॉट संपले," महाराज माइकवर सांगत होते. "तुमच्या आजोबांनी हायवेलगतच्या जमिनी कवडीमोलाने विकल्या. का विकल्या? त्यांना सांगणारा गुरू नव्हता. आता आकाशात प्लॉट पडलेत. डॉट म्हणजे काय? बिंदू. बिंदू कुठे असतो? ओंकाराच्या माथ्यावर. आणि कॉम? तो ओमच आहे, फक्त त्याच्या पुढे कलियुगाचा क लागलाय."

यावर टाळ्यांचा कडकडाट झाला. मी कपाळावर हात मारून घेतला.

आता नावं विकली जातात ही काही थाप नव्हे. वेबसाइटला पत्ता लागतो. तो पत्ता, म्हणजे ते नाव, हजारभर रुपये भरून कुणालाही वर्षभरासाठी घेता येतं. चांगलं नाव आधी कुणी घेऊन ठेवलं असेल तर ते ऑनलाइन लिलावात चढ्या भावाने जातं. जगात असे लिलाव रोज होतात. महाराजांनी एवढं खरं उचललं आणि त्यावर पाट मांडले.

पाट ही आमच्या लोकांची हळवी जागा. पेणकडे, जोह्याकडे गणपतीची मूर्ती ठरवायची तर घरचा पाट विडा-सुपारी ठेवून कारखान्यात द्यायचा. पाट दिला की ती मूर्ती तुमची, मग दुसरा कुणी दुप्पट पैसे घेऊन येवो. ना पावती, ना सही, आणि कुणी फसल्याचं मी तरी ऐकलेलं नाही. महाराज म्हणाले, पाट ठेवा, नाव तुमचं झालं. लोकांनी ठेवले. तुमचं नाव कुठे नोंदलंय ते दाखवा, असं एकानेही विचारलं नाही.

पुढचा भाग सोपा होता. महाराज ध्यान लावून कुणाला कुठलं नाव लाभेल ते सांगायचे. रविवारी त्या नावाचा लिलाव व्हायचा, पडद्यावर लाखांची बोली लागायची. पण परदेशातला पैसा हातात पडायच्या आधी नाव 'मुक्त' करावं लागे, आणि ती मुक्तीची दक्षिणा आपण आधी भरायची. नंतर पैसा येणार. कधी? ग्रह सुटले की.

हे सगळं ऐकायला मी हॉलमध्ये आलो नव्हतो. जोह्याहून माझी धाकटी बहीण वनिता आली होती, म्हणून आलो. चहाच्या सुट्टीत मी तिला गाठलं. तिच्या मांडीवर प्लास्टिकच्या पिशवीत कागद होते.

"सही केलीस?"

"नाय अजून. बोली लागली की करायची. पेणचे शेट थांबलेत बाहेर."

मूर्तींच्या कारखान्याची शेड ती विकायला निघाली होती. तिच्या नवऱ्याने, दत्तात्रेयने, स्वतःच्या हाताने उभी केलेली. तो गेल्यावर दोन वर्षं तिने एकटीने ती चालवली. महाराजांनी तिला दत्तात्रेयच्याच नाव-आडनावाचा डॉट कॉम दिला होता, पंधरा लाखांची बोली लागेल असं सांगून. त्यासाठी चार लाख दक्षिणा.

"शेड गेली तर मूर्ती कुठं करशील गो?"

"पैसे आले की नवी बांधीन. सिमेंटची." मग ती हळू आवाजात म्हणाली, "दादा, पयले कारखान्यात माणूस आला की इचारायचा, दत्ताभाऊ कुठं हायत. आता इचारणारे पण कमी झाले. महाराज बोलले, माणूस जातो, नाव आकाशात राहतं. मला तेवढं पायजे."

आपल्या बहिणीला फसवायला लोक तिचाच नवरा वापरतात, याचा मला राग आला.

"हे खोटं हाय, वनिता."

"तुला देव नाय, धर्म नाय. तुला समदंच खोटं."

तिच्या शेजारी पारी बसली होती, वाडीवरची, वनिताकडे मूर्ती रंगवणारी. सोबत तिची मुलगी करिश्मा. पारीचं नाव दोन रविवारांपूर्वी सहा लाखांना 'गेलं' होतं. ते मुक्त करायला तिने बावीस हजार भरले. करिश्माच्या नर्सिंगच्या प्रवेशासाठी मायलेकींनी तीन हंगाम साठवलेले. सहा लाख आले नाहीत, आणि प्रवेशाची शेवटची तारीख मंगळवारी होऊन गेली. पारी तरीही आली होती. महाराजांनी सांगितलं होतं, शंका आली की ग्रह फिरतात.

आता एक गोष्ट कबूल करतो. हे खोटं आहे असं मला नुसतं वाटत नव्हतं, मला ते माहीत होतं. तीन रविवारांपूर्वी अष्टमीच्या पुलाजवळ एका डंपरने आमची मुख्य वायर तोडली. पाऊण तास अख्खं वरसे बंद. त्या पाऊण तासात मला साठेक फोन आले. कुणाची मॅच अडली, कुणाची मालिका, एकाने तर माझ्या वडिलांचा उद्धार केला. हॉलवरून मात्र एकही फोन नाही. लाइन गेली आणि गिऱ्हाईक गप्प, असं अकरा वर्षांत कधी झालं नव्हतं. संध्याकाळी कळलं, नेमक्या त्याच पाऊण तासात कुणाचं तरी नाव दुबईला अकरा लाखांना गेलं. मी घरी बायकोला हे सांगितलं आणि पोट धरून हसलो. नंतर गप्प बसलो. महाराजांनी वर्षाचं भाडं आगाऊ भरलेलं होतं, आणि आपल्याला काय करायचंय, हे वाक्य मला फार पटकन सुचतं.

चहा संपला. वनिताचा पाट पुढे आणला गेला. पडद्यावर दत्तात्रेयचं नाव उमटलं, टिंग झालं, दोन लाखांपासून बोली सुरू झाली. वनिताने हात जोडले. हॉलच्या दारात पेणचे शेट पेन काढून उभे राहिले.

मी बाहेर गेलो. भिंतीवरच्या पेटीतून लाइन काढली. मग दाराजवळच्या खोलीतला राउटरही उपटला आणि बगलेत मारून मधल्या वाटेने सरळ स्टेजपर्यंत चालत आलो.

"महाराज, हे तुमचं इंटरनेट," मी राउटर वर धरला. "माझ्या हातात हाय."

टिंग. सिंगापूर, सात लाख.

कुणाच्या काही ध्यानात येईना. माझ्या हातातली वायर लोंबत होती आणि पडद्यावर आकडा चढत होता. टिंग. दुबई, साडेसात.

"हा दुबईवाला बोलतोय कुठून?" मी लोकांकडे वळून विचारलं. "त्याचा आकडा या वायरीतून यायचा. वायर तर इथं हाय."

महाराजांनी डोळे मिटले. "मूढा, हे वायरीवर चालत नाही. संकल्पावर चालतं."

"मग माझ्याकडून वर्षाचं कनेक्शन कशाला घेतलंत?"

मागे कुणीतरी हसलं. महाराजांनी डोळे उघडले आणि संकल्प सोडून उपग्रहावर आले. म्हणाले, आमचं वरून थेट येतं. लॅपटॉपवर साईराज नावाचा त्यांचा पगारी माणूस बसला होता. मी त्याला म्हटलं, "थेट येतंय ना? मग आजच्या पेपरचं पान उघड. सगळ्यांना बघू दे."

साईराजने महाराजांकडे पाहिलं. पुढच्या दोन रांगांतली माणसं उठून उभी राहिली होती. त्याने पान उघडायला घेतलं. पडद्यावर मोठ्या अक्षरांत आलं, इंटरनेट उपलब्ध नाही. त्याने घाबरून ते पान बंद केलं तर लिलाव आपला चालूच. टिंग. लंडन, नऊ लाख.

तो लिलाव नव्हताच. लॅपटॉपच्या पोटात भरून ठेवलेला खेळ होता, मुलं मोबाइलवर गाड्या पळवतात तसला. किती सेकंदांनी आकडा किती वाढवायचा आणि शेजारी कुठल्या देशाचं नाव दाखवायचं, एवढंच त्यात भरलेलं. पलीकडे कुणी बोली लावणारा नव्हता. घंटी मात्र खणखणीत होती.

तेवढ्यात करिश्मा उठली. तिच्या हातात तिचा फोन होता, स्वतःच्या रिचार्जवर चालणारा.

"काका, नाव कुणाचं हाय ते बघता येतं का?"

"येतं. फुकट. कुणालाही."

कुठल्या साइटवर बघायचं ते मी तिला सांगितलं. नावांची नोंदवही जगाला उघडी असते. तिने महाराजांनी आईला दिलेलं नाव टाकलं, वाचलं, परत टाकलं.

"हे नाव उपलब्ध आहे, असं येतंय."

"म्हंजे?" पारीने विचारलं.

"म्हंजे कुणाचंच नाय, आये. सहा लाखांना कुणी घेतलं नाय. आपल्या नावावर पण कुणी केलं नव्हतं."

वनिता उठून करिश्माजवळ आली. "यांचं बघ गो," म्हणाली. करिश्माने बघितलं आणि नुसती नकाराची मान हलवली. मग हॉलभर लोकांनी फोन काढले. चाळीस पाटांवरच्या चाळीस नावांपैकी एकही कुणाच्या नावावर नव्हतं. महाराजांनी हजार रुपयेसुद्धा खर्च केले नव्हते, याचा मला फसवणुकीपेक्षा जास्त संताप आला.

महाराज ध्यानाला म्हणून मागच्या दाराने निघाले. वरशाच्या लोकांनी त्यांना गाडीशी अडवलं. पुढे पोलीस आले, पंचनामा झाला, साईराज रडला. पण सगळी माणसं माझ्या बाजूची झाली असं समजू नका. एक बाई माझी कॉलर धरून म्हणाली, तू वायर काढलीस म्हणून माझं नाव हातचं गेलं, आता आधी जोड. तो डोळे पुसणारा म्हातारा तर शेवटपर्यंत खुर्चीवर बसून राहिला. पडदा पुन्हा लागेल म्हणून.

वनिताने शेटना कागद परत केले. स्टेजवर जाऊन आपला पाट उचलला, पदराने कुंकू पुसलं. "घरचा हाय," एवढंच बोलली. शेड वाचली. मला वाटलं, आता ही मला काहीतरी बरं बोलेल. भावाची छाती जरा फुगलीही होती.

हॉलच्या बाहेर पिंपळाखाली आम्ही एसटीची वाट बघत उभे होतो. पारीने मला विचारलं, "सुभाषभाऊ, तुमाला हे आज कळलं?"

खोटं बोलायची संधी होती. करिश्मा माझ्याकडे बघत होती, म्हणून बोलता आलं नाही.

"तीन आठवडे झाले," मी म्हटलं आणि डंपरची, फोनची सगळी हकिगत सांगितली.

पारीने मनातल्या मनात रविवार मोजले. तिचा चेहरा बघवेना.

"म्हंजे मी पैसे भरले त्याच्या आधी."

"व्हय."

"आज वनिताताईंची शेड जात व्हती, म्हणून तुमी वायर काढली."

वनिता खाली बघत राहिली. माझी बहीण, पण त्या वेळी ती पारीच्या बाजूला उभी होती, आणि ते बरोबरच होतं.

मी करिश्माला म्हटलं, पोलिसांकडून पैसे सुटतील तेव्हा सुटतील, पुढच्या वर्षीचा नर्सिंगचा फॉर्म मी भरून देतो, फी पण मी देतो.

"फॉर्म मला भरता येतो," ती म्हणाली. "ह्या वर्षाचा पण मीच भरला होता."

एसटी आली, तिघी चढल्या. मी राउटर बगलेत घेऊन उभा.

लोक मला आता शहाणा म्हणतात. शाळेत बोलावतात, मुलांना सांगा म्हणतात. मी सांगतो. कुणी चमत्कार दाखवला की त्याची वायर काढून बघा, तरी चालतोय का. नाव दिलं म्हणाला तर कुठे नोंदलंय ते दाखव म्हणा. पैसे मिळायच्या आधी पैसे मागणाऱ्याला दारातच उभं करा. एवढं सांगून झालं की मुलं टाळ्या वाजवतात आणि मला तिथून पळून जावंसं वाटतं.

कारण खरं सांगायचं ते निराळंच आहे. फसणाऱ्यांना अक्कल शिकवणारे आपण पुष्कळ आहोत. पण ज्याला आधी कळलं तो काय करत होता, हे आपण विचारत नाही. तो घरी बसून हसत होता. खोटं कळलं की त्याच दिवशी, मोठ्याने, चारचौघांत सांगा. आपलं कुणी त्यात अडकेपर्यंत थांबू नका. मी तीन आठवडे थांबलो, आणि त्यात एका मुलीचं वर्ष गेलं.