एका मिनिटाची यादी

मित्रांनो, हसू नका, पण मी एक जुना सूचना फलक आहे! वसईतल्या एका गावात, तलाठी कार्यालयाच्या भिंतीवर मी लटकतो. अंगावर हिरवं कापड, पुढे काचेचं दार, दाराला चिमुकलं कुलूप. काय रुबाब होता माझा! मला प्लासिड सुताराने बनवलं. त्याची मोगऱ्याची वाडीही होती, म्हणून त्याच्या हातांना ताज्या लाकडाचा आणि कळ्यांचा असे दोन्ही वास यायचे. मला भिंतीवर ठोकून तो म्हणाला, "आता कोणी साहेबाच्या मागे फिरायला नको. वाचा आणि घरी जा!"

आणि लोक वाचायचे हो, चष्मे पुसून पुसून!

मग करोना आला. फूलबाजार बंद पडला. पिशव्या भरभरून कळ्या उकिरड्यावर गेल्या. दुसऱ्या लाटेत प्लासिडही गेला. मागे राहिली त्याची बायको उर्सुला, मुलगी मर्लिन आणि सुकत चाललेली वाडी.

सरकारने फूलबागांना मदत जाहीर केली. नावांची यादी माझ्यावर सात दिवस लागणार होती. नाव नसेल, तर त्याच सात दिवसांत हरकत घ्यायची. मदत मिळाली तरच मोगरा वाचणार होता. उर्सुला रोज तोंडाला मास्क लावून यायची.

"मेल्या, अजून रिकामाच?" ती मला म्हणायची.

मला ओरडावंसं वाटायचं, कारण यादी येऊन गेली होती! रविवारी सकाळी. चर्च बंद, म्हणून सगळं गाव घरात मोबाईलवर मिस्सा बघत होतं. नेमका तेव्हाच कारकून आला. त्याने कुलूप उघडलं, यादी टाचली, फोटो काढला आणि यादी काढून खिशात घातली. जेमतेम एक मिनिट! माझ्या कापडात दोन टाचण्या तेवढ्या राहिल्या.

नवव्या दिवशी उर्सुलाने खिडकीत त्याच कारकुनाला विचारलं.

"मुदत संपली, बाई."

"पण यादी लागलीच कुठे?"

"लागली की! हा बघा फोटो."

"मी रोज येत होते हो."

"मग नीट बघायचं ना!"

फोटोत मी होतो. माझंच हिरवं कापड, माझीच चौकट. प्लासिडच्या हातांनी घडलेला मी त्याच्याच बायकोविरुद्ध साक्षीदार झालो.

मर्लिन काही गप्प बसली नाही. तिने आईच्या सहीने माहिती अधिकारात अर्ज केला. यादी हातात यायला अकरा महिने लागले. त्यात प्लासिडचं नाव नव्हतं. ज्याच्या वाडीवर केव्हाच सात मजली इमारत उभी राहिलीय, त्याचं मात्र होतं!

"मम्मी, ह्यांनी गच्चीत मोगरा लावला असेल का गं?" मर्लिनने विचारलं.

उर्सुला हसली नाही. तोवर मोगरा उपटला गेला होता. आता तिथे भाड्याने गाड्या उभ्या राहतात. तक्रारीची चौकशी अजून "चालू आहे".

माझी काच तडकलीय. कुलूप गंजलंय. पण कॉलेजला जाताना मर्लिन रोज थांबते आणि माझा फोटो काढते. मी रिकामा असलो तरी काढते.

मित्रांनो, मला नवी काच नको, पॉलिशही नको. येता-जाता माझ्यासमोर क्षणभर थांबा. कागद असेल तर शेवटच्या ओळीपर्यंत वाचा. नसेल, तर आत जा आणि मोठ्याने विचारा, "ह्या दोन टाचण्यांना काय लावलं होतं?"