मधातला नूर

जुम्म्याची नमाज आटोपली की शेख बसयूनीच्या अंगणात पाय ठेवायला जागा उरत नसे. काठ्या टेकत आलेले म्हातारे, गाढवाच्या गाडीतून उचलून आणलेल्या बायका, आणि ओट्यावर मधाच्या बरण्या.

"माझ्या माश्या ऐऱ्यागैऱ्या फुलावर बसत नाहीत!" शेख गर्जायचा. "अवलियाच्या कबरीवरची फुलं तेवढी चाखतात. दोन चमचे घ्या, गुडघे पळू लागतील, तोंडावर नूर चढेल!"

आणि खरंच चढायचा. गाडीवान खलफकाकांनी तिसऱ्या दिवशी काठी टाकली. महिन्याभरात त्यांचा सुकलेला चेहरा गोल, लालबुंद झाला. इजिप्तच्या साऱ्या फय्यूम प्रांतातून माणसं येऊ लागली.

समोरच्या औषधाच्या दुकानातून इनसाफ हे बघत असे. नवरा गेल्यापासून तिला कशाचंच काही वाटेनासं झालं होतं. दुकान उघडायचं, मागितलेलं द्यायचं, दुकान बंद करायचं. शेखचा मेहुणा दर आठवड्याला डेक्सामेथासोन या स्टिरॉइडच्या गोळ्यांचे खोके न्यायचा. "धर्मादाय दवाखान्याला," म्हणायचा. डॉक्टरची चिठ्ठी नसे. गावात असा दवाखाना नाही, हे तिला ठाऊक होतं. तिनं चार महिने विचारलं नाही.

मग शेख तांता शहरातल्या उरुसाला गेला आणि लोकांचा मध संपला. पाचव्या दिवशी खलफकाकांची मुलगी रावया इनसाफच्या दुकानात धावत आली. औषधवालीला गाव डॉक्टरीणच म्हणायचं.

"डॉक्टरीणबाई, बाबा डोळेच उघडत नाहीत हो! सारख्या उलट्या, अंग गार पडलंय."

दोघींनी त्यांना सरकारी इस्पितळात नेलं. तिथल्या तरुण डॉक्टरनं विचारलं, "औषध काय चालू होतं?"

"औषध कसलं? नुसता मध," रावया म्हणाली.

आता बोललं तर दुकान जाणार, हे इनसाफला कळत होतं. छातीत धडधडेल म्हणून ती थांबली. काहीच झालं नाही.

"मधात स्टिरॉइड असणार," ती म्हणाली. "ते एकदम बंद झालं, म्हणून हे कोसळलेत. गोळ्या माझ्याच दुकानातल्या."

डॉक्टरनं तिच्याकडे एकदा पाहिलं आणि इंजेक्शन भरायला घेतलं. दुपार कलताना काकांनी चहा मागितला.

पुढच्या जुम्म्याला, शेख उरुसाहून परतल्यावर, ती त्याच्या अंगणात गेली. एक बरणी उचलून तिनं कोमट पाण्यात मध ढवळला आणि पांढऱ्या फडक्यातून गाळला. फडक्यावर खडूसारखा चुरा उरला. त्यात अर्धवट विरघळलेली एक गोळी, मधली रेघ शाबूत.

"परागकण आहेत ते!" शेख ओरडला.

"रेघ मारलेले?" मागून कुणीतरी म्हणालं. हशा पिकला.

"हा नूर नाही, सूज आहे," इनसाफ म्हणाली. "गोळीनं दुखणं दबतं, जात नाही. आतून साखर वाढते, हाडं भुसभुशीत होतात."

"फोडा रे बरण्या!" एक म्हातारा उठला.

"फोडू नका!" ती पहिल्यांदाच मोठ्यानं बोलली. "एकदम सोडलंत तर खलफकाकांसारखे कोसळाल. आधी इस्पितळात चला. डॉक्टर हळूहळू कमी करतील."

"ऐकलंत?" शेखनं संधी साधली. "तीच सांगते, सोडू नका!"

निम्मं अंगण पुन्हा त्याच्याकडे वळलं. एका बाईनं विचारलं, "गोळ्यांचं तुला गं कसं ठाऊक?"

"मीच विकल्या."

कुणी दगड मारला नाही. शिवीही दिली नाही. मग गर्दीतून रावया पुढे आली, तिनं एका म्हातारीचा हात धरला आणि इस्पितळाची वाट धरली. मागून आणखी काहीजण निघाले. सगळे नाही.

चौकशी झाली. शेख आणि मेहुणा आत गेले, दुकानाला सील लागलं. इनसाफ कित्येक आठवडे इस्पितळाच्या बाकावर बसून, येणाऱ्यांना विचारून, कोण किती चमचे घेत होतं, ते डॉक्टरला सांगत राहिली. मन मोकळं झालं का, असं रावयानं विचारलं, तेव्हा तिनं सरकून पुढच्या म्हाताऱ्याला बाकावर जागा करून दिली.

चमत्कार करायला भोंदू एकटा पुरत नाही. जुनं दुखणं दोन दिवसांत पळालं, तर घेणाऱ्यानं विचारावं, यात आहे काय? आणि देणाऱ्यानं विचारावं, हे कुणाच्या पोटात जाणार? दोन्ही प्रश्न साधे आहेत. वेळेवर विचारले, तर माणसं वाचतात.